गाणं संपल्यावरचं गाणं

गाण्यांचे शेवट ऐकणं ही माझी नोकरी होती. सुरुवात कुणीही ऐकतं. कॅसेटच्या कारखान्यात सुरुवातीची काळजी नसते, घोळ होतो तो शेवटाला. टेप अपुरी पडते आणि शेवटची ओळ अर्ध्यात तुटते, नाहीतर गाणं संपल्यावर रिकामी टेप इतका वेळ फिरत राहते की गिऱ्हाइकाला वाटतं, टेपरेकॉर्डर बिघडला. म्हणून दुबईतल्या जबल अलीच्या फ्री झोनमधल्या एका शेडमध्ये, एसीच्या थेट झोताखाली, खांद्यावर शाल आणि कानांवर हेडफोन अशा अवतारात मी दिवसभर शेवट ऐकत बसायचे. भारतात सुट्टीवर आले की लोक विचारायचे, "तिकडे काय करता?" मी सांगायचे, "एडिटिंग आणि क्वालिटी कंट्रोल." ऐकणाऱ्याला वाटायचं, तेलाचंच काहीतरी असणार.

तेल नवऱ्याकडे होतं. अविनाश दूर रुवैसच्या रिफायनरीत होता आणि तिथल्या कॉलनीत मी वर्षभर राहूनही पाहिलं. कॉलनी छान होती. बाग होती, क्लब होता, संध्याकाळी बायकांची फेरी होती. मला तिथे नुसतं गुदमरायला व्हायचं. पुण्यात मी कितीतरी वर्षं ख्याल शिकले होते, मग एका स्टुडिओत टेप कापण्या-जोडण्याचं काम केलं होतं. हात रिकामे राहिले की माझं डोकं बिघडतं. शेवटी मी आणि आमची मुलगी मुग्धा, दोघी दुबई शहरात, करामाच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. अविनाश दर गुरुवारी संध्याकाळी यायचा आणि शुक्रवारी परत जायचा. नातेवाइकांनी नावं ठेवली. ठेवोत बापडे.

कंपनीची बस सकाळी करामाहून निघायची. आज जिथे दुबई मरीनाचे टॉवर उभे आहेत तिथे तेव्हा खिडकीतून नुसती वाळू दिसायची. मी त्या वाळूकडे बघत बोटांनी मांडीवर ताल धरायचे आणि शेजारची फिलिपिनो मुलगी माझ्याकडे संशयाने पाहायची.

आता कॅसेट कशी छापतात ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. कॅसेटची ए बाजू आणि बी बाजू वेगवेगळी छापत नाहीत. दोन्ही एकाच वेळी छापल्या जातात, एक सुलटी आणि एक उलटी, आणि त्याही भन्नाट वेगात. अख्खा अल्बम चहा निवायच्या आत होतो. मशीनजवळ उभं राहिलं तर गाणं ऐकू येत नाही, चिमण्यांचा गलका ऐकू येतो. दोन्ही बाजू एकाच टेपवर असल्यामुळे दोन्हींची लांबी जवळजवळ सारखी लागते. एक लांब आणि एक आखूड झाली की आखूड बाजूला तेवढी टेप रिकामी जाते. गाणी पुढेमागे करून हा तोल साधायचा, हे माझं काम.

गिऱ्हाइकं एकेक नमुना होती. शारजाहून एक पठाण व्यापारी यायचा, त्याच्या कॅसेट ट्रक ड्रायव्हर घ्यायचे. त्याची अट एकच, दोन गाण्यांच्या मधे शांतता नको. "शांती हुई तो ड्रायव्हर टेप को घूँसा मारता है," तो गंभीरपणे सांगायचा, "और घूँसे से टेप सचमुच ख़राब होता है." दुसरा रामिरो. मूळचा कोलंबियाच्या समुद्रकाठचा, धंदा पनामात. साल्साच्या, म्हणजे स्पॅनिश नाचगाण्यांच्या, कॅसेट आमच्याकडून छापून न्यायचा. माणूस एका जागी उभा म्हणून राहत नसे. बोलतानाही त्याची कंबर वेगळ्याच कामात असायची.

या रामिरोच्या कॅसेट आणि पूर्व आफ्रिकेला जाणाऱ्या काँगोच्या कॅसेट एकाच आठवड्यात माझ्या टेबलावर यायच्या. माझी झोप उडाली ती तिथे. दोन्हींत मागे कुठेतरी लाकडावर लाकूड आपटत होतं. तीन ठोके, मग दोन. मी हाताने ताल धरायला जायचे आणि सम काही सापडायची नाही. आता येईल, आता येईल, असं वाटत राहायचं आणि गाणं मला पुढे ढकलत न्यायचं. वीस वर्षं समेवर मान टाकलेल्या बाईला हा छळच होता. एकदा दार-एस-सलामच्या खोक्यातली कॅसेट लावली तर गिटार आफ्रिकेची आणि शब्द चक्क स्पॅनिश. मला वाटलं, पनामाचा माल चुकून इकडे आला. मी मशीन थांबवलं. आमचे मॅनेजर मेहरासाहेब धावत आले, लेबलं तपासली. माल बरोबर होता. मी घरी दोन्ही कॅसेट एकापाठोपाठ लावल्या आणि मुग्धाला विचारलं. गृहपाठातून मान वर न करता ती म्हणाली, "आई, इट्स द सेम थिंग, नो?"

ते सेम कसं, हे मला पुढे पास्कालने सांगितलं.

पास्काल आणि जोसेफ हे सख्खे भाऊ, काँगोचे. नैरोबीत बरीच वर्षं काढून दुबईच्या देरा भागातल्या एका हॉटेलात बँड घेऊन आले होते. थोरला जोसेफ गाणारा आणि बँडचा मालक. भरदार आवाज, दिवसाही सूट. धाकटा पास्काल गिटार वाजवायचा. त्यांनी इथेच पाच गाणी रेकॉर्ड केली होती आणि देरातला एक व्यापारी ती मोंबासाला पाठवायला तयार झाला होता. भावांची ही पहिलीच स्वतःच्या नावाची कॅसेट. जहाजाची जागा ठरली होती, पुढचं जहाज सणाची विक्री उलटून गेल्यावर होतं.

अडचण अशी की पाचही गाणी लांबलचक. तीन एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला ठेवली की तिनाची बाजू मावेना. आमच्याकडे साठ मिनिटांच्याच टेपचा साठा होता आणि मोठी टेप वेळेत येणार नव्हती. मेहरासाहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहून पहिलं गाणं ऐकू लागले. जोसेफ सुंदर गायला होता, संथ, आर्जवी. मग शब्द संपले आणि गिटार सुरू झाली. एकच छोटीशी फिरत, पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी जरा जास्त तापलेली. माझा पाय आपोआप हलायला लागला.

मेहरासाहेबांनी बटण दाबून ते थांबवलं. "गाना तो यहाँ खलास हो गया, मॅडम. आगे तो बाजा है. पाँचों में से काट दो. टेप भी छोटा लगेगा."

आपल्या लोकांची ही खास खोड. मुखडा झाला, अंतरे झाले, शब्द संपले की आपल्या लेखी गाणं संपलं. पुढे वाजतं ते उठून चपला शोधायचं संगीत. मेहरा दिल्लीचे, मी पुण्याची, पण याबाबतीत अख्खा देश एक आहे. माझं त्या दिवशी डोकं फिरलं. मी म्हटलं, "मेहरा साब, विलंबित गाकर गवय्ये को घर भेज देंगे क्या? द्रुत कौन गाएगा?"

"मॅडम, ये शिपमेंट है, मैफ़िल नहीं है. आर्टिस्ट को पूछ लो. वो हाँ बोले तो काटो."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे भाऊ आले. मी जोसेफला सगळं समजावलं. मला खात्री होती की तो चिडेल. त्याने सूटची बाही ठीक केली आणि म्हणाला, "माझं गाणं पूर्ण राहतंय ना? मग कापा. ममा, लोक शब्द लक्षात ठेवतात." ममा म्हणजे मी. त्यांच्यात वयाने मोठ्या बाईला असंच म्हणतात.

मी पास्कालकडे पाहिलं. कॅसेटमधला त्याचा सगळा वाटा कात्रीत जाणार होता, पण थोरल्या भावापुढे बोलायची त्यांच्यात रीत नाही. फक्त त्याच्या डाव्या हाताची बोटं माझ्या टेबलाच्या कडेवर काहीतरी वाजवत होती, थांबत नव्हती. मला ती बोटं बघवेनात. जोसेफ मेहरासाहेबांबरोबर चहाला गेला तशी मी पास्कालला म्हटलं, "तुझं म्हणणं काय?"

"थोरला बोलला," तो म्हणाला. "खलास."

मी माझा डबा उघडला आणि अर्धी पोळीभाजी त्याच्यापुढे सरकवली. उपाशी माणूस बोलतो, जेवणारा माणूस जास्त बोलतो. म्हटलं, मला एवढंच सांग, तुमच्या गाण्यात स्पॅनिश कुठून आलं?

तो पहिल्यांदा हसला. त्याचे वडील काँगोतल्या मातादीच्या बंदरावर हमाली करायचे. जहाजांवरून क्युबाच्या गाण्यांच्या रेकॉर्डी यायच्या. म्हाताऱ्यांनी त्या ऐकल्या आणि म्हणाले, हे तर आपलंच आहे. कधीतरी साखळदंडांत बांधून नेलेल्या माणसांबरोबर तिकडे गेलेलं ढोलाचं ज्ञान नवे कपडे घालून परत आलं होतं. "वडील ती गाणी तोंडपाठ म्हणायचे. अर्थ एकाही शब्दाचा माहीत नव्हता. क्युबात मधली फिरत पियानो वाजवायचा. आमच्याकडे पियानो कोणाच्या घरी असणार? म्हणून ती गिटारवर आली." त्याने पोळीचा तुकडा मोडला. "आणि रेकॉर्ड लहान, गाणं मोठं. म्हणून आमच्याकडच्या रेकॉर्डींवर एका बाजूला गाणं असायचं आणि उलटवली की दुसऱ्या बाजूला नाच."

मी घास तसाच ठेवून उठले. एवढं सरळ होतं. पाच गाणी तीन-दोन अशी वाटायचीच कशाला? प्रत्येक गाणं निम्मं शब्दांचं आणि निम्मं गिटारचं होतं. पाचही गाण्यांचे शब्द ए बाजूला, पाचांची गिटार बी बाजूला. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या, साठच्या टेपमध्ये मावणाऱ्या, आणि कोणाचं काही फेकायचं नाही.

जोसेफला मी हे त्याच्या सोयीने सांगितलं. म्हटलं, एक अख्खी बाजू नुसत्या तुमच्या आवाजाची. तो खूश झाला. मेहरासाहेबांनी दोन्ही बाजूंची मिनिटं पाहिली आणि "यल्ला, करो," म्हणाले.

कापायला बसले तेव्हा एकच प्रश्न उरला. शब्द संपले की जोसेफ भावाला हाक मारायचा, "पास्कालऽ!", आणि त्या हाकेवर गिटार शिरायची. ही हाक कोणाची? गाण्याची की नाचाची? ब्लेड हाकेच्या आधी चालवायचं की नंतर? पास्काल माझ्या शेजारी बसला होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "ममा, हाक माझ्या बाजूला द्या." मी हाकेच्या आधी कापलं, पाचही ठिकाणी.

कॅसेट जहाजावर चढली आणि महिन्याभरात पुन्हा छापायची मागणी आली. मग पुन्हा. देराच्या नासर चौकातल्या आफ्रिकन गिऱ्हाइकांच्या दुकानांतून मी ती स्वतः ऐकली आणि अंगभर फुलून गेले. पण दुकानापासून दुकानापर्यंत चालत गेले तशी एक गोष्ट ध्यानात आली. सगळीकडे बी बाजूच वाजत होती. एक बाई तर दुकानदाराला सांगत होती की ती घरी बाजू बदलतच नाही, संपली की मागे गुंडाळते.

पुढचं व्हायला वेळ लागला नाही. नैरोबीच्या एका मोठ्या बँडने पास्कालला बोलावलं. फक्त पास्कालला. भावाभावांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पास्काल निरोप घ्यायलाही आला नाही. गिटारवाला नाही म्हटल्यावर हॉटेलने बँडचा करार वाढवला नाही आणि जोसेफ दुसऱ्या एका हॉटेलात, कीबोर्ड आणि तालाचं मशीन लावून, जेवणाऱ्या लोकांसमोर गाऊ लागला. मी एकदा अविनाशला घेऊन ऐकायला गेले. शब्द संपले की जोसेफ थांबायचा आणि कीबोर्डवाला मुलगा ताबडतोब पुढचं गाणं सुरू करायचा. मला तिथे बसवेना. अविनाशचं सूपही पुरं होऊ दिलं नाही.

माझं चुकलं, असं मी तेव्हाही म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. दुसरा मार्ग मेहरांची कात्री हाच होता. पण चुकलं नाही म्हणून मन शांत राहतं असंही नाही. बसमध्ये माझा ताल चुकायला लागला.

आणि मग रामिरो आला. त्याने माझ्या टेबलावर पडलेली ती कॅसेट लावली, बी बाजू, आणि खुर्चीतून उठला तो बसलाच नाही. त्यांच्या किनाऱ्यावर म्हणे रस्त्यात भिंतीएवढे स्पीकर लावून नाचतात आणि आफ्रिकेची गिटार वाजली की पोरं वेडी होतात. "आजोबा हे क्युबाचं म्हणून ऐकायचे," तो म्हणाला, "मी आफ्रिकेचं म्हणून विकीन." त्याला भरपूर माल हवा होता. अट एवढीच, नुसती गिटार. दोन्ही बाजूंना. माणसाचा आवाज नको, एकही नको. ती भाषा तिकडे कोणाला कळत नाही आणि त्यांचे स्पीकरवाले मधे स्वतःच बोलतात. मेहरासाहेबांचा चेहरा उजळला. दोन्ही बाजू आपोआप सारख्या होणार होत्या.

पण गाण्यांचा मालक जोसेफ होता. त्याच्या होकाराशिवाय हात लावता येत नव्हता. मी मेहरासाहेबांना म्हटलं, फोनवर विचारायचं नाही, त्याला बोलवा.

तो आला, त्याच सुटात. मेहरासाहेबांनी कागद पुढे केला आणि रामिरोची अट सांगितली. जोसेफने कागद वाचला नाही. मला म्हणाला, "ममा, मला माझी बाजू ऐकायची आहे. नवी कॅसेट नको. लोकांनी वाजवलेली असेल तर लावा."

खराब निघालेल्या कॅसेट आमच्याकडे परत यायच्या, त्यातल्या दोन माझ्या कपाटात होत्या. मी एक लावली. ए बाजू. जोसेफचा आवाज खोलीत भरला. लख्ख, जणू आजच छापलेला. कॅसेट सारखी वाजली की आवाजाची धार जाते, एक मळकटपणा येतो. इथे तसं काहीच नव्हतं. जोसेफ ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "किती स्वच्छ आहे." त्याला कळलं होतं. मी मान खाली घातली.

पहिल्या गाण्याचे शब्द संपले. जोसेफचा उजवा हात वर गेला, स्टेजवर जायचा तसा, आणि तो हळूच म्हणाला, "पास्काल." टेपवर शांतता होती. मी कापलेली शांतता. मग दुसरं गाणं सुरू झालं. ते संपलं तेव्हाही हात गेला, नाव आलं, आणि काही वाजलं नाही. तिसऱ्याला मेहरासाहेब घसा खाकरून बाहेर निघून गेले. मला तिथे बसणं अशक्य झालं. मी उठले, दुसरी परत आलेली कॅसेट घेतली, बाजूच्या डेकमध्ये बी बाजू लावली आणि हेडफोनवर शेवटच्या गिटारची जागा शोधत बसले. टेप पुढे, मागे, पुन्हा पुढे. एवढं साधं काम आणि मला वेळेत जमेल की नाही याची धास्ती वाटत होती. चौथं गाणं संपलं. पाचवं निम्म्यावर आलं. जागा सापडली.

शब्द संपले. जोसेफने हात उचलला, आधीपेक्षा कमी, आणि नाव उच्चारलं. मी बटण दाबलं.

टेपमधला जोसेफ दणदणीत आवाजात ओरडला, "पास्कालऽ!" आणि गिटार आत शिरली. आवाज झिजलेला होता, खरखरत होता, शेकडो वेळा वाजून तिच्यातला उजेड गेला होता. जोसेफचा हात वरच राहिला. ती गिटार संपेपर्यंत तो खाली आला नाही. मी उघड रडत होते. तो नव्हता.

मेहरासाहेब परत आले तेव्हा त्याने कागद मागून घेतला. मला वाटलं होतं तो नाही म्हणेल. खरं सांगते, त्याने नाही म्हणावं असं मला फार वाटत होतं. त्याने सही केली. मग पेन बंद करत म्हणाला, "कव्हरवर नाव पास्कालचं टाका. माझं नको. माझं गाणं सगळं काढा." आणि बोट माझ्या डेककडे करून, "हाक काढायची नाही. पाचही हाका राहतील."

"पार्टी ने बोला है, एक भी आवाज़ नहीं," मेहरासाहेब मला म्हणाले. मी ते जोसेफला इंग्रजीत सांगितलं. रामिरोने ती अट पुढे कुरकुरत मान्य केली, पण तेव्हा आम्हाला ते माहीत नव्हतं. सौदा तिथेच मोडायची वेळ आली असती तरी जोसेफने तो मोडू दिला असता. त्याने सुटाचं बटण लावलं, उठला आणि मेहरासाहेबांना, लहान मुलाला समजावावं इतक्या शांतपणे म्हणाला:

"हाक लागेल. मी बोलावल्याशिवाय तो वाजवत नाही."